पंचनाम्यातला कार्बोरेटर

भानामतीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहितो, स्वतः सायक्लोस्टाइल करतो आणि बाजारच्या दिवशी औरादला उभा राहून वाटतो. भानामतीच्या नावाखाली बायकांना झोडपणाऱ्यांशी दोनदा हातघाईवर आलोय. तेव्हा हे वाचून 'आलास ना शेवटी आमच्यात' असं भानामती मानणाऱ्यांपैकी कुणी म्हणू नये. मी कुणात आलेलो नाही. घडलं ते सांगतो, बस्स.

आमची मोटरसायकल टू-स्ट्रोक, लहान इंजिनाची. औरादचे मेकॅनिक महबूब उस्ताद यांच्याकडून मी इंजिनाचे पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची भोकं, घासून मोठे करून घेतले. मग भंगारातून एका मोठ्या गाडीचा कार्बोरेटर उचलून आणला. उस्ताद वैतागले. "मियाँ, बडा कार्बोरेटर लगाए तो गाडी बडी नै होती. इंजन जित्ती साँस लेता, उत्ताच मुँह देना!" मी कशाला ऐकतो! वर एअर फिल्टरही काढून टाकला... आवाज भारी येतो म्हणून. "धूल बैठेगी जेट में, रस्ते में रोएगा," म्हणाले.

गेल्या वर्षीची गोष्ट. मे महिना, दुपारचे बारा. संतपूरच्या पलीकडचं एक गाव — नाव देत नाही, तिथं अजून आमची माणसं राहतात. तिथल्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप वेगळे. कान तुटलेले, बाहेर वळचणीला ठेवलेले. दीक्षा घेऊन आमच्या वडिलांची हयात गेली, तरी कप वेगळेच! मी आणि माझा थोरला भाऊ गौतमदादा पत्रकं घेऊन तिथं निघालो होतो. गाव येईपर्यंत गाडी आचके द्यायला लागली. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, धुळीनं चोंदलेला.

"तू तुझी म्हस धू," दादा म्हणाला. "मी च्या पिऊन येतो."

हॉटेलसमोरच्या लिंबाखाली मी पेट्रोलचा कॉक बंद केला, ॲक्सिलेटरची वायर सोडवली, कार्बोरेटर काढला. इंजिनाच्या उघड्या तोंडात चिंधी कोंबली. आत धूळ जाऊ नये म्हणून सगळेच कोंबतात. मग वर्तमानपत्रावर एकेक भाग सुटा करून मांडला.

तेवढ्यात फुटल्याचा आवाज आला. एक... दोन... तीन. दादा ते कानतुटके कप उचलून पायरीवर आपटत होता.

हॉटेलवाल्याचा भाऊ भीमशा बाहेर आला. "कामून फोडायलास बे?"

"घासायचा तरास वाचिवला तुमचा," दादा म्हणाला. "आता समद्यायला एकच कप."

भीमशानं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि सरळ दादाच्या तोंडावर हाणलं. मग बाकीचे आले. सगळे मिळून सहा जण होते. कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात बसला तेव्हा आवाज मला लिंबाखाली ऐकू आला. दादाचा डावा हात कोपरापासून उलटा वळलेला मी डोळ्यांनी पाहिला. पान्हा घेऊन धावलो, एकाच्या जबड्यावर घातला. त्याचे दात पडले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या पाठीत काठ्या बसत होत्या.

"दोघांलाबी हितंच जाळा!" म्हणत भीमशानं रॉकेलचा डबा आणला. मी तो हिसकावला आणि चुलीवर भिरकावला. भडका उडाला, ते मागं सरले. तेवढ्यात दादाला ओढून गाडीवर टाकलं, शर्ट काढून त्याला माझ्या कमरेशी बांधलं आणि किक मारली.

का मारली? सवयीनं. कार्बोरेटर समोर पेपरवर पडलेला मला दिसत होता!

पहिल्याच किकला गाडी चालू झाली.

औरादपर्यंतचा रस्ता मला तुटक तुटक आठवतो. पाठीवरून दादाचं रक्त ओघळत होतं. तो मधेच म्हणाला, "हळू चालीव रं..." मी मूठ पिळत होतो, पण मुठीचा काही संबंधच नव्हता, सुटी वायर माझ्या गुडघ्यावर आपटत होती. गाडी तिच्या वेगानं जात होती. मागं पाहिलं तर धूर नाही. पेट्रोलबरोबर ऑइल जाळणारी टू-स्ट्रोक, आणि धूर नाही!

उस्तादांच्या दुकानासमोर ती बंद पडली. उस्तादांनी एक जीप थांबवून दादाला बिदरला धाडलं, मीही चढलो. दादा जगला. उजव्या डोळ्यानं दिसत नाही, डावा हात वळत नाही.

आठवड्यानं गाडी न्यायला गेलो. उस्ताद माझ्याकडं बघेनात. "तू गया तब मैं हात लगाया," म्हणाले. तळहातावर फोड दाखवला. "इंजन इत्ता गरम! कॉक बंद. मुँह में कपडा ठूँसेला, सूखा. कोरा का कोरा. कैसा लाया रे?"

 

हाच प्रश्न पुढं कोर्टात आला. पोलिसांच्या कन्नड पंचनाम्यात रक्ताची माती होती, फुटके कप होते आणि 'लिंबाखाली वर्तमानपत्रावर सुटा केलेला एक कार्बोरेटर' होता. आमच्या वकिलांनी साक्षीच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं. "म्हणा, घरून दुसरा नेला होता, तो बसवला." गावातलं कुणी साक्षीला येईना, डोक्याच्या मारानं दादाला त्या दिवसाचं काही आठवेना; सहा जणांना आत घालायला एवढंच एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, खोटं सांगणारे देवऋषी मी गावोगाव उघडे पाडतो, आणि शपथेवर हे बोलू? दादा शेजारच्या बाकावर बसून हे ऐकत होता. 

आरोपींचे वकील पंचनामा हलवत उभे राहिले. "गाडी कार्बोरेटरशिवाय चालते का?"

"नाही."

"मग तुम्ही त्या दिवशी तिथून गाडीवर कसे गेलात? की तुम्ही तिथं नव्हताच?"

कोर्टात हशा पिकला. मी मागं येऊन बसलेल्या उस्तादांकडं पाहिलं, दादाकडं पाहिलं. मग म्हणालो, "साहेब, मला माहीत नाही."

भीमशासकट सहाही जण सुटले. गाडी कशी चालली ते मला आजही माहीत नाही, आणि दादा माझ्याशी बोलत नाही.