स्टिकरखाली लपवलेली ओळ

मैत्रिणींनो, घरात कुणी व्हिडिओ गेम खेळत असेल तर हे वाचाच.

माझी लेक सायली आणि मी एक गेम चार वर्षं खेळतोय. शेजारी बसून होडी वल्हवायची, ती डावीकडून, मी उजवीकडून. सोमवारी ती नोकरीसाठी हैदराबादला चाललीय. त्याआधी दुसरा भाग दोघींनी मिळून खेळायचा असं ठरलं होतं.

आज बिबवेवाडीतल्या दुकानातून तो आणला. देवापुढे ठेवून बॉक्सला कुंकू लावलं आणि सुरू केला, तर होडीत माणूस एकच! माझा कंट्रोलर नुसता हातात.

"आई, दुसऱ्याने वेगळा गेम विकत घ्यायचा, वेगळ्या टीव्हीवर खेळायचं," सायली म्हणाली.

परत करायचा म्हणून ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, तर किमतीचं स्टिकरच सुटलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: एका पडद्यावर एकच खेळाडू.

दुकानदार म्हणाला, "काकू, उघडलेला परत घेत नाही. त्यात कुंकू लागलेला!"

"आणि ही ओळ झाकलेली चालते?"

"स्टिकर कंपनीकडूनच लागून येतात हो."

मी फळीवरचे या गेमचे सगळे बॉक्स पाहिले. एवढी मोकळी जागा असताना प्रत्येकावर स्टिकर नेमकं त्याच ओळीवर! आणि बॉक्सच्या पुढच्या बाजूला चित्रात होडीत दोघं हसतायत. हा योगायोग म्हणायचा?

घरी आले तर सायलीने जुना भाग लावून ठेवला होता. "बस, वल्हव," म्हणाली.

एका घरातल्या दोघी एका गादीवर बसून खेळल्या, तर कंपनीचं काय जातं हो?