कोरड्या पाईपची नोंद

परुळेकर सरांना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांच्या दादरच्या कार्यालयात. अहवालांची भाषा नीट करायला त्यांना माणूस हवे होते.

"मराठीत एम. ए.? म्हणजे विशेषणं फार," ते म्हणाले. "आमचा ढिगारा फक्त उभा राहतो, नाहीतर घसरतो."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होते.

लालबागच्या चाळीत वाढलेले सर विदर्भातल्या कोळसा खाणींसाठी टाकाऊ मालाचे ढिगारे आखतात. कोळशाबरोबर निघणारा दगड, माती, चुरा नुसता ओतून चालत नाही. पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर दाबायचा, आत शिरलेल्या पाण्याला पायथ्याशी पाईपने वाट काढून द्यायची. आखून झाले तरी काम संपत नाही. सत्तरीनंतरही सर प्रत्येक ढिगाऱ्याभोवती स्वतः पायी फिरतात.

काही वर्षांपूर्वी एका खाणीवर आठवडाभर पाऊस पडत होता. तिथल्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी मजुरांची वस्ती होती. सुपरवायझर वानखेडे यांचा फोन मी घेतला.

"पाईप ठणठणीत कोरडा आहे, मॅडम. सांगा साहेबांना, खूश होतील."

मी लिहिले: गळती नाही, स्थिती समाधानकारक.

कागद वाचता वाचता सर उभे राहिले.

"आठवडाभर पाऊस, आणि पाईप कोरडा?"

"हो सर."

"मग पाणी गेलं कुठे?"

त्यांनी फोन लावला.

"वानखेडे, वस्ती रिकामी करा. आत्ता."

"साहेब, थेंब नाही निघून राहिला. अन् लोक जेवायला बसलेत."

"ताटं तिथेच राहू देत. पाईप तुंबलाय. पाणी आत साठतंय."

संध्याकाळी ढिगाऱ्याची ती बाजू खाली आली. फोटोंत वस्तीच्या जागी काळा चिखल होता. एका झोपडीचा पत्राही दिसत नव्हता. माणसे सगळी गावच्या शाळेत होती.

चौकशीच्या बैठकीत नोंद कोणाची, असा प्रश्न निघाला. मी उठण्याआधीच सर बोलले.

"नोंदीचा तक्ता माझा आहे. पावसात पाईप कोरडा असणं हाच धोका, ही ओळ मी त्यात घातली नव्हती. मला ते उघड वाटलं. चूक माझी."

बैठकीनंतर जिन्यात मी म्हणाले, "सर, नोंद माझी होती."

"माहीत आहे. सोमवारी तिथे जा. पायथा चालून या. पाईपला हात लावून बघा."

मी गेले. वस्ती तोवर दूर हलवली होती. तिथल्या एका बाईंनी विचारले, "त्या साहेबाचं वय काय जी?"

"सत्तरीच्या पुढे."

बाई ढिगाऱ्याकडे बघत राहिल्या. "मंग त्यायच्यानंतर हा ढीग पाहाले कोन येईन?"

तो प्रश्न घेऊन मी परतले. आज पंचाहत्तरीनिमित्त सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, त्यांचे पाय धड राहावेत, असे मागताना मी ते आम्हा सर्वांसाठी मागते आहे. आम्हाला अजून बरेच शिकायचे आहे, आणि ढिगारा रोज वाढतो आहे.