न वाचता पुसलेल्या टिपा

परळच्या आमच्या ऑफिसात रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनतं. त्यातला निम्माअधिक कोड एकाच माणसाने लिहिलेला. लालबागच्या चाळीत वाढलेले, पन्नाशी ओलांडलेले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कोडमध्ये काही कळलं नाही की सगळे त्यांच्याकडेच जायचे. त्यावरच त्यांची नोकरी टिकून होती आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग साहेबांनी एक नवं टूल आणलं. कोड वाचून कुठला भाग काय करतो याचं माहितीपुस्तक ते आपोआप लिहितं. ते चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेब केबिनमध्ये म्हणाले, "एकदा डॉक्युमेंटेशन पूर्ण झालं ना, की काकांना सोडून देऊ. बाहेर बोलू नकोस." मी बोलले नाही. शेजारी बसून त्यांच्या डब्यातली सुकट खात राहिले.

काकांना एक सवय होती. कोडमध्ये मध्येच ते इंग्रजी अक्षरांत, आपल्या मालवणी वळणाच्या मराठीत टिपा लिहायचे. टूल त्यांवर अडखळायचं आणि भलतंच काहीतरी छापायचं. पुस्तक परदेशी गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. मला त्या भाषेची लाज वाटली, खरं तेच सांगते. आम्ही गिरगावातले, शुद्ध बोलणारे! एका दुपारी सगळ्या टिपा न वाचता पुसल्या आणि टूल पुन्हा चालवलं. पुस्तक झकास आलं.

साहेबांनी विचारलं, "पूर्ण आहे?" मी म्हटलं, "हो."

काकांनीही विचारलं, "माझा सगळा इला मां गो त्यात?" त्यांनाही तेच म्हटलं.

महिनाअखेरीस त्यांना काढलं. डबा पिशवीत घालून ते गेले.

पुस्तकात एका जागी 'वयाची तपासणी अनावश्यक' असं आलं होतं. मी ती तपासणी कोडमधून काढून टाकली. थोड्याच दिवसांत भायखळ्याच्या लॅबमधून फोन आला. एकाच नावाच्या, एकाच चाळीतल्या दोन बायकांच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली होती. धडधाकट बाई आठवडाभर स्वतःला मरणाच्या दारात समजून रडत होती.

मी काकांना फोन लावला. वाटलं, आता चांगलं ऐकवतील. ते एवढंच म्हणाले, "अगो, वय कशाला बघायचं ते वरच लिवलंय. बघ ना."

"हो, दिसलं," मी म्हटलं. तिथे काहीच नव्हतं.

मग कोडची जुनी प्रत शोधून त्या टिपा पहिल्यांदा वाचल्या. 'वय बघ. एका चाळीत एकाच नावाच्या दोघी निघतात.' वाचत वाचत फाइलच्या अगदी वर गेले. पहिली टीप अशी होती: 'नवीन आलेल्याने घाबरू नये. अडलं की विचारायचं. मी इथेच बसतो.'