सात दिवसांचं निदान

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणत. गाडी खोलायच्या आधी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवत, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून असा चेहरा करत, की गाडी त्यांच्याकडे मालकाची चुगली करतेय असं बघणाऱ्याला वाटावं. मिनिटभरात निदान. चूक क्वचितच व्हायची, आणि झालीच तर ती गाडीची.

गाड्यांचं असं जीव लावून ऐकणाऱ्या या माणसाला फोनवर मात्र बोलता येत नसे. बायको होती तोवर अडचण नव्हती. लेकीचा फोन आला की ती तासभर बोलायची आणि शेवटी "घ्या, तुम्हीही बोला" म्हणत फोन यांच्या हातात कोंबायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता लेक दर रविवारी फोन करी. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली? घेतली. तुझं कसं? बरंय. दीड मिनिटात सगळं उरकायचं आणि दोघं एकदमच "ठेवू का?" म्हणायचे. फोन ठेवल्यावर मिस्त्रींना सांगायच्या पन्नास गोष्टी आठवत. त्या पुढच्या रविवारपर्यंत पुरत आणि नेमक्या फोन वाजला की पळून जात.

या लेकीचं लहानपणीचं नाव भोंगा. शाळा सुटली की ती गॅरेजातल्या जुन्या टायरवर येऊन बसे. गिऱ्हाईक म्हणे, काहीतरी वाजतंय हो; आणि गाडी मिस्त्रींसमोर आली की शहाण्यासारखी गप्प. मग भोंगा त्या माणसाकडून आवाजाचं वर्णन दोनदा वदवून घेई आणि तोंडाने हुबेहूब काढून दाखवी. पुढे पुढे तर टायरवरूनच "पंप" किंवा "बेल्ट" असं सांगून मोकळी होई. मिस्त्री स्क्रूड्रायव्हर वगैरे लावून तेच सांगत, जरा उशिरा आणि जरा ऐटीत.

लग्न होऊन दूरच्या शहरात जाताना तिने बाकी काही मागितलं नाही. मिस्त्रींनी नट न् नट खोलून पुन्हा उभी केलेली घरची जुनी गाडी तेवढी हट्टाने नेली.

एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला. रविवार नसताना आलेला फोन मिस्त्रींनी ग्रीसचे हात न पुसताच उचलला.

"बाबा, गाडी वाजतेय."

मिस्त्रींनी तिला फोन इंजिनजवळ धरायला सांगितलं. काहीच ऐकू येईना. हल्लीचे फोन भलतेच शहाणे. माणसाचा आवाज ठेवतात आणि बाकीचं सगळं कचरा म्हणून गाळतात. शेवटी ती म्हणाली, थांबा, मीच काढून दाखवते. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "खर्रर्र... चिक. खर्रर्र... चिक."

मिस्त्री खाली टायरवर बसले. वॉटर पंपाचं बेअरिंग निकामी होत चाललं होतं. शंकाच नव्हती. 'पंप बदल' एवढं सांगितलं की काम फत्ते, आणि फोन पुन्हा रविवारी.

"सांगता येत नाही गं," ते म्हणाले. "उद्या सकाळी इंजिन गार असताना ऐकव."

मंगळवारी गार इंजिन झालं. बुधवारी बेल्टवर थोडं पाणी मारून, गुरुवारी एसी लावून. यातली कुठलीही तपासणी दोन मिनिटांची. मिस्त्री एकेकीला एकेक दिवस देत होते. आवाज काढून झाला की बोलणं आपोआप पुढे सरके. तिच्या शेजारणीचा खडूस स्वभाव, यांची न शिजणारी डाळ, बायकोच्या साड्या अजून कपाटातच आहेत हेसुद्धा. शुक्रवारी तब्बल पंचवीस मिनिटं झाली. मनातली टोचणी शांत करायला मिस्त्री रोज न चुकता विचारत, रेडिएटरचं पाणी कमी होतंय का? ती म्हणे, नाही. तरी पंप जाम झाला तर बेल्ट तुटेल, इंजिन तापेल, पोर भर रस्त्यात अडकेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी ती सहज बोलून गेली की उद्या ऑफिसच्या कामासाठी दोनशे किलोमीटर जायचंय, सगळा चढाचा रस्ता, गाडी घेऊनच जाणार.

आपल्या बोलायच्या हौसेपायी सात दिवस लेकीला खराब पंपावर फिरवलं! आता खरं सांगायचंच, म्हणून मिस्त्रींनी शब्द जुळवले आणि सुरुवातीला आधार म्हणून म्हणाले, "एकदा वाजव बघू."

"खर्रर्र... चिक. खर्रर्र... चिक."

जुळवलेले शब्द तोंडातच राहिले. हा सोमवारचाच आवाज होता. तेवढाच लांब, चिक तेवढीच ठसठशीत. बिघडलेलं बेअरिंग सात दिवस असं एका सुरात राहत नाही. रोज थोडं जास्त घासतं, चिक त्या खरखरीत बुडून जाते. हे मंगळवारीच लक्षात यायला हवं होतं. पण एवढे दिवस कानसेन आवाज ऐकतच नव्हते, आवाज काढणारीला ऐकत होते. टायरवर बसून पंप ओळखणाऱ्या पोरीने तो केव्हाच ओळखला असणार. बदलूनही झाला असणार, तरी फोन रोज येत होता.

"काय वाटतं बाबा?"

"अजून नक्की नाही. उद्या सावकाश जाऊन ये. परवा इंजिन गार असताना ऐकव."

"गार झालंय की. मंगळवारी."

"तेव्हा मला नीट ऐकू आलं नव्हतं."

ती "बरं" म्हणाली आणि न सांगताच आणखी एकदा आवाज काढू लागली. मिस्त्रींनी फोन कानावरून सरकवून कानामागच्या हाडाला टेकवला आणि डोळे मिटले.