नको म्हटलं तरी चालेल

आमच्या फॉर्मवर टिक करायला चौकोन भरपूर, पण ऐकलेलं लिहायला जागाच नाही! म्हणून मी ते मागच्या कोऱ्या पानावर लिहीत गेले. महिन्याभरात पुढच्या पानांपेक्षा मागचीच पानं जास्त भरली.

काम असं, की मुलांच्या रोजच्या दिवसात मोबाईल, टीव्ही कुठं कुठं येतो, ते घरोघर जाऊन मुलांकडूनच समजून घ्यायचं. आमच्या मॅडम पीएचडी, माझी जोडीदारीण रुबिना एमए, आणि मी दहावी पास! जागा खरं तर पदवीधर बाईची होती. मॅडम म्हणाल्या, "शोभाताई, महिनाभर बघू. नेमून दिलेली सगळी घरं पूर्ण झाली, तर पुढं ठेवता येईल."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा गळ्यात आयकार्ड आलं होतं. ते मला परत द्यायचं नव्हतं.

*

पहिलं घर बजाजनगरचं. मुलांना आम्ही घराचा नकाशा काढायला लावतो आणि त्यात फोन कुठं असतो ते विचारतो. चौथीतल्या ओमनं घराशेजारी वडिलांची कंपनीच काढली! घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर ड्युटीवर जाणारा.

"मग तू कधी बघतोस?"

"पप्पांची फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी. या आठवड्यात त्यांची सेकंड हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हंजी मला सुट्टी!"

*

त्याच गल्लीत पुढच्या घरी बाई दारातूनच म्हणाल्या, "आमच्यात मोबाईल नायच बघत कुणी."

आत त्यांची धाकटी मन लावून नकाशा काढत होती. स्वयंपाकघर, ओटा, ओट्याखाली डबा, आणि डब्यात फोन.

"इथं असतो होय फोन?"

"नाय. तुमी गेटातून आला ना, तवापासून!"

बाई गडबडल्या. "भिजला होता हो, म्हणून तांदळात ठेवला." इतक्यात भिजलेला फोन डब्यात वाजायला लागला!

बाईंनाच आधी हसू फुटलं. मग चहाही झाला आणि सगळी खरी उत्तरंही मिळाली.

*

लासूर स्टेशनला एक आजोबा नातीची तक्रार घेऊनच बसले होते. "लई येड लागलं हिला! तासभर मोबाईल सोडत नाय."

सहावीतली वैष्णवी शांतपणे म्हणाली, "काकू, लिहा. तासातला पाऊण तास कांद्याचा भाव. आजोबा एका बाजारात फोन करायला लावत्यात, मग दुसऱ्या बाजारात, मग परत पहिल्या. उरला पाव तास, तो माझा."

आजोबांनी टोपी सारखी केली आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेले.

फॉर्ममध्ये चौकोन तीनच होते: अभ्यास, करमणूक, इतर. रुबिना माझ्या कानाशी आली. "शोभाआपा, प्याज कशात टाकायचा?"

*

एकदा मॅडम स्वतः बरोबर आल्या. त्यांनी प्रेमानं विचारलं, "बाळा, तुझ्या दैनंदिन जीवनात डिजिटल माध्यमांचं स्थान काय?"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. "काकू, ह्या काय म्हन्त्यात?"

मी म्हटलं, "अगं, दिवसभरात मोबाईल कवा कवा हातात येतो?"

मग ती जी सुरू झाली, ती थांबेना!

पुढच्या आठवड्यात नवे फॉर्म छापून आले. पहिला प्रश्न: ‘दिवसभरात मोबाईल कवा कवा हातात येतो?’

रुबिना म्हणाली, "देखो, मॅट्रिक का सवाल, पीएचडी का फॉर्म!" तो फॉर्म मी घरी नेऊन सगळ्यांना दाखवला. सासूबाईंना दोनदा.

*

शेवटचं घर सिल्लोडचं, कापडदुकानाच्या वरचं. मॅडम बरोबर होत्या. आमचा एक नियम आहे. आईवडिलांनी सही केली तरी मुलाला वेगळं विचारायचं. मी ते नेहमी असं म्हणते, "मी तुला काही विचारू का? नको म्हटलं तरी चालेल. मी रागावणार नाही."

वडिलांनी सही केली होती. अकरा वर्षांच्या सानियानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको."

"अरे बता दे ना, बेटा! इतनी दूर से आये हैं," वडील म्हणाले.

हे घर राहिलं, की माझा महिना अपुरा. मी मॅडमकडं बघितलं नाही. वही मिटली, सानियाच्या आईच्या हातचा चहा घेतला, एका चिठ्ठीवर माझा नंबर लिहून सानियाला दिला आणि आम्ही निघालो. परतीच्या बसमध्ये मॅडम भरलेले फॉर्म मोजत बसल्या.

आठ दिवसांनी ऑफिसात बोलावणं आलं. बाहेर बाकावर दोन पदवीधर मुली फायली घेऊन बसल्या होत्या. मी पिशवी आणि आयकार्ड मॅडमच्या टेबलावर ठेवलं. रुबिना खिडकीतून बाहेर बघत राहिली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

"आंटी, मैं सानिया. सिल्लोडवाली. अम्मी का फोन है, पूछ के लिया. आज मैं बताती. लेकिन पहले मैं पूछूँगी."

मग ती सरळ बसली, ओढणी नीट केली आणि माझ्याच चालीत, मराठीत म्हणाली, "काकू, मी तुम्हाला काही विचारू का? नको म्हटलं तरी चालेल. मी रागावणार नाही."

मॅडमनी आयकार्ड टेबलावरून माझ्याकडं सरकवलं.

"शोभाताई," त्या म्हणाल्या, "ती वाट बघतेय. उत्तर द्या."