येळवशीचं पाणी

त्या वर्षी माझी प्रार्थना आटली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. पावसाळा सरता सरता आमचे हे तापाने गेले. मी रात्रंदिवस गुडघे टेकून प्रभूकडे त्यांचा जीव मागितला होता. तो मिळाला नाही, आणि मग मंडळीत प्रार्थनेच्या वेळी मी नुसते ओठ हलवू लागले. सोलापुराहून भावाचे निरोपावर निरोप येत होते, की रझाकारांचा धुमाकूळ चाललाय, निजामाच्या मुलखात एकटी राहू नकोस. नाताळ झाला की बोचकं बांधायचं, असं माझ्या मनात पक्कं होत आलं होतं.

तेवढ्यात आमच्या पाळकबाबांनी प्रार्थना-मेळ्याचं काढलं. मुरुमच्या आसपासच्या खेड्यांत आमची ख्रिस्ती घरं विखुरलेली होती आणि सगळी धास्तावलेली. त्यांना तीन दिवस एका ठिकाणी आणून देवाजवळ बसवावं, ही बाबांची तळमळ. जागा बघायला जाताना पाण्याची पारख करायला बाई हवी, म्हणून पाळकीणबाईंनी मला जवळजवळ ओढूनच गाडीत घातलं. पाणी गोड की मचूळ, ही पारख नव्हे. आमच्या लोकांना ते आपल्या हातानं घेऊ देतात का, ही पारख. मागच्या मेळ्यात आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीपासून लांब बसून राहिल्या होत्या, कुणाला तरी दया येऊन वरून ओतेल म्हणून. बाप्तिस्मा घेतला तरी गावाच्या लेखी आम्ही वेशीबाहेरचेच. पुन्हा तसं होणार असेल तर मेळा नको, असं मी बाबांना बजावलं. आणि देवालाही मनातल्या मनात बजावलं, की आज आपल्या हातानं पाणी घेता येईल अशी विहीर दाखवलीस तर राहीन, नाही तर मी चालले.

पहिल्या गावात शिरलो तर घराघराला कड्या. चावडीवर एक कुत्रं तेवढं झोपलेलं. दुसऱ्या गावात तेच. चूल पेटलेली नाही, की पाणवठ्यावर बाई नाही. दिवस वाईट होते. पाळकीणबाई हळूच म्हणाल्या, "गाव लुटलं काय हो? माणसं पळाली वाटतं." बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी गाडी माघारी वळवली. मला वाटलं, झालं, देवानं उत्तर दिलं.

गाव मागे टाकलं तोच उभ्या ज्वारीतून एक म्हातारा धोतर सावरत पळत आला. डोक्याला पटका, कपाळावर विभूती. "बर्री, बर्री! या की! गाडी कुठं वळवलाव? येळवस हाय आज, येळवस! बिनजेवता कुठं चाललाव?"

पाळकीणबाईंनी कपाळाला हात लावला. मार्गशीर्षाची अमावास्या! त्या दिवशी सगळा मुलूख रानात जेवतो, गावात माणूस सापडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाप्तिस्मा झाल्यापासून आमच्या घरांत अमावास्या मोजणं बंद. नाताळ झाला की आम्ही रविवार मोजतो. जन्म या मातीत काढून आम्ही येळवसच विसरलो! बाबा ओशाळून हसले, आणि इतक्या दिवसांनी मलाही हसू आलं.

म्हाताऱ्याच्या रानात कडब्याची कोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. एका बाजूला भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. बाबा कोपीबाहेरच थांबले. "आज्जा, आमी कोण ते ठावं हाय का?"

"ठावं हाय. बसा."

आता बाबांची खरी पंचाईत झाली. मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न आम्ही घेत नाही, आणि येळवशीला आलेल्याने जेवणाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. ते चाचरत म्हणाले, "राग मानू नगा. देवाला दाखवलेलं आमाला चालत न्हाय. आमचा नेम हाय."

म्हाताऱ्याची बायको नैवेद्याचं पान हातात घेऊन दगडांपुढं वाकली होती. ती उठली आणि तेच पान बाबांपुढं ठेवून पातेल्यात पळी घातली. सून घाबरून म्हणाली, "अत्ती, अजून पूजा न्हाय झाली!"

"पाव्हणं उपाशी असताना कुणाला दावू नैवेद्य? घ्या बाबा. अजून कुणाम्होरं ठिवलं न्हाय. तुमच्या देवाचं नाव घ्या न् जेवा."

आमचा नेम राखायला तिनं आपला मोडला. तोही पांडवांपुढं, वर्षाच्या सणाला. बाबांनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, आणि त्या घरासाठीही आशीर्वाद मागितला. आम्ही जेवलो. हात धुवायला मी विहिरीशी गेले, लांब उभी राहिले आणि सवयीनं ओंजळ पुढं केली. आज्जी मागून आली ती खेकसलीच. "ओंजळ कशाला धरतीस, बाय? दोर हाय, घागर हाय. म्हातारीला वाकाया लावतीस व्हय?"

मी दोर सोडला. घागर बुडाल्याचा आवाज आला, आणि ती मी माझ्या हातानं वर ओढली. ते पाणी मी तोंडावर घेतलं आणि तिथंच बसून मोठ्यानं रडले. यांच्या मरणानंतर मी अशी रडले नव्हते. आज्जी पाठीवरून हात फिरवत राहिली.

हरभरा निघाल्यावर आमचा मेळा त्याच रानात झाला. त्यापायी भावकीनं म्हाताऱ्याला काय काय ऐकवलं असेल, ते त्यानं आम्हाला कधी कळू दिलं नाही. मी सोलापूरला गेले नाही.

देवानं माझी अट पाळली, असं मी कुणाला सांगत नाही. यांना का नेलं, तेही त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. पण काही अट न घालता एक बाई आपल्या देवासाठीचं पान परक्यापुढं ठेवते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या येळवशीच्या संध्याकाळी घरी येऊन गुडघे टेकले, तेव्हा मागायला काही सुचेना. "प्रभू, तुझी मर्जी," एवढंच तोंडातून निघालं, आणि ते म्हणताना मी नुसते ओठ हलवत नव्हते.