सात खेळाडू आणि 'फास्ट'चं बटण

'सेव्ह' दाबायचं, एवढंच काम होतं. लेकीने फोनवर दोनदा बजावलं होतं, "बाबा, लॅपटॉप उघडा. मी सगळं भरून ठेवलं हाये. फक्त खालचं सेव्ह दाबा, बाकी कशालेच हात नका लावू." ती आणि तिची आई वर्ध्याला गुडघ्याच्या व्यायामासाठी गेल्या होत्या आणि परतीची एसटी वाटेत पंक्चर होऊन उभी होती. सात वाजता मॅच. घड्याळात पावणेसात.

लॅपटॉप उघडला. पडद्यावर 'टेम्पो' असं लिहिलेलं आणि त्यापुढे तीन गोल: स्लो, नॉर्मल, फास्ट. लेकीचं टिंब स्लोवर होतं. मला वाटलं, पोरगी घाईत चुकली. बास्केटबॉल म्हणजे धावपळीचा खेळ, समोरची टीम तगडी, आणि ही म्हणते सावकाश? बापाच्या अधिकाराने मी ते टिंब फास्टवर नेलं, सेव्ह दाबलं आणि पोरीची चूक वेळेत सुधारल्याच्या आनंदात गॅसवर चहा ठेवला.

आमची टीम अडतीस गुणांनी हरली.

ही मॅच कुठल्या मैदानावर नव्हती, सगळी कॉम्प्युटरात. देशोदेशीच्या लोकांनी एकेक काल्पनिक अमेरिकन कॉलेज वाटून घेतलेलं. प्रत्येकाने आपल्या टीमचा कोच व्हायचं, कोण खेळणार, कसा बचाव करणार, किती वेगाने खेळणार हे आधी भरून ठेवायचं. मग ठरल्या वेळी कॉम्प्युटर मॅच खेळवतो आणि आपण निकाल वाचायचा. लेकीच्या वाट्याला तिथलं कुठलंसं आडगावचं कॉलेज आलं होतं. मी त्याला 'आपलं समुद्रपूर' म्हणायचो. समोर कोणी मोठं आलं की ते 'नागपूर'.

लेक स्वतः कॉलेजच्या टीममध्ये होती. रोज हिंगणघाटहून एसटीने वर्ध्याला जायची, लेक्चर करून सराव करायची, परत यायची. मागच्या पावसाळ्यात एका मॅचमध्ये उडी मारून उतरताना गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. चालणं-फिरणं होईल, पण मैदानावर परत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते तिने शांतपणे ऐकलं आणि त्यानंतर ती बोलायचीच थांबली. म्हणजे हो, नाही, राहू द्या, एवढ्यावर भागवायची; अगदीच काम पडलं तर एखादं वाक्य.

मला शांतता सोसत नाही. मी रोज कामाला निघताना विचारायचो, "आज किती वाकला?" दुपारी फोन करून विचारायचो, संध्याकाळी पुन्हा. शिवाय बँकेच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या नागपूरच्या एका क्लासचा फॉर्म मी घेऊन आलो होतो. शनिवार शेवटची तारीख. नुसती सही हवी होती. पोरीचं मन दुसरीकडे लागलं पाहिजे, असा माझा हिशोब. ती म्हणायची, "नंतर पाहू." मी दिवसातून तीनदा 'नंतर' झालं का ते विचारायचो.

मॅचच्या त्या गुरुवारी रात्री दोघी घरी आल्या. लेकीने निकाल पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉपचं झाकण अगदी हळू लावलं, म्हणाली, "राहू द्या बाबा," आणि आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज स्वयंपाकघरातून आला, आईशी बोलताना. "सोमवारची मॅच हारलो का स्पर्धेतून बाहेर. मंग बंदच करून टाकीन मी हे."

बायको बाहेर आली. "तुमाले काय दाबाले सांगतलं होतं?"

"सेव्ह."

"अन् तुमी काय दाबलं?"

"सेव्हच दाबलं ना वं. त्याच्या आधी जरा..."

"जरा," ती म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती. त्या लॅपटॉपवर वाकून का होईना, पोरगी कशात तरी गुंतली होती. तेवढंही माझ्या एका टिंबाने सुटणार होतं.

शुक्रवारी मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. गुडघ्याचं विचारलं नाही, हे मला स्वतःलाच नवल. "मले समजावून सांग," म्हटलं. "समोरचा तगडा असल्यावर सावकाश काऊन खेळाचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खरंच विचारतोय की फॉर्मचा रस्ता तयार करतोय, ते जोखत असावी. मग म्हणाली, "बाबा, तुमी मामासोबत कॅरम खेळता."

"खेळतो."

"जिंकता का?"

"कधीमधी."

"एकच बोर्ड खेळलं तर?"

"तर जिंकू शकतो."

"अन् धा बोर्ड खेळले तर?"

दहा बोर्डांत माझा मेव्हणा मला आठवेळा हरवतो, आणि उरलेल्या दोनदा चहा प्यायला उठलेला असतो.

"तेच," ती म्हणाली. "समोरचा वरचढ असला तर दोघाईच्याही चेंडूच्या पाळ्या कमी ठेवाच्या. थोड्या पाळ्यात नशीब आपल्याकडं येऊ शकते. फास्ट खेळलं का पाळ्या वाढते, मंग जो खरा चांगला तोच जिंकते. अन् आपल्याकडं सातच पोट्टे हायेत. त्याईच्याकडं अकरा." तिने पडद्यावर बोट ठेवलं. प्रत्येक नावापुढे त्याचा दम किती उरलाय त्याचा आकडा. "तुमच्या फास्टनं हे सातही शेवटच्या दहा मिनिटांत उभे राहू शकत नोते."

"हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलंच कधी?"

ऑगस्टमधल्या त्या ऑपरेशननंतर ती माझ्याशी इतकं एका दमात पहिल्यांदा बोलली होती.

लाजेचा भाग पुढे आहे. मी गेली बावीस वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, पाळीचा सुपरवायझर आहे. कापूस आला की मी त्यातली एक सरकी दाताखाली धरतो. कट्‌ असा आवाज आला तर कापूस वाळलेला, सोडा मशीन जोरात. नुसती चेपली तर आत ओल आहे, मशीनला कापूस हळू द्यायचा. ओल्या कापसाची घाई केली की सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत येतात आणि सगळा माल बाद होतो. नव्या माणसांना हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की माझी पाठ वळली की ते माझी नक्कल करतात. आणि घरी येऊन मी, दाताखाली काही न धरता, थेट फास्ट.

शनिवार-रविवार आम्ही दोघं त्या सात पोरांची माहिती वाचत बसलो. कोण लवकर दमतो, कोण लांबून बरा मारतो. एकाला मी 'ढिला' म्हणायला लागलो, तर ती म्हणाली, "ढिला नाई बाबा, तो वाट पाह्यते." बायको मधूनच डोकावून जायची. जेवायला चला, एवढंच म्हणायची.

सोमवारी सकाळी मी चपला घालत असताना लेक म्हणाली, "आजचा टेम्पो तुमी ठरवा."

"मी? गुरुवारी पाह्यलं ना तू."

"म्हणूनच. त्याईचा सगळ्यात भारी पोट्टा आज जखमी हाये. म्हणजे ते आपल्या बरोबरीचेच झाले, कदाचित आपणच जरा वर. पाच वाजेपर्यंत सांगजा."

आता पाहा अडचण. तिच्याच नियमाने, आपण वरचढ असलो तर पाळ्या वाढवायच्या, म्हणजे फास्ट. पण माणसं सातच, आणि गुरुवारच्या माझ्या फास्टने दमलेली. दिवसभर जिनमध्ये माझं लक्ष नव्हतं. एका गाडीवानाने विचारलं, "साहेब, कापूस पास हाये का नाई?" तर मी म्हटलं, "सातच हायेत ना रे." तो बिचारा स्वतःच्या गाडीत चढून गाठोडी मोजायला लागला.

मला खरं तर फास्टच दाबायचं होतं. हे कबूल करायला हवं. समोरचा जखमी आहे, आता धावून जा, संपवून टाक, पोरीला मोठ्या फरकाने जिंकून दाखव आणि गुरुवारचा डाग पुसून टाक. मग विचार केला, यातलं त्या सात जणांसाठी काय आणि माझ्यासाठी काय? पाच वाजता फोन करून विचारलं, "आपल्या पोट्ट्याईच्या दमाचे आकडे वाचून दाखव." तिने वाचले. सातांपैकी चौघांचे गुरुवारपासून भरलेच नव्हते. आत ओल होती.

"स्लो," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं नाई. पण स्लो."

ती हसली की काय, फोनवर नीट कळलं नाही.

सातला आम्ही तिघं लॅपटॉपसमोर. इतकी कंटाळवाणी मॅच कोणत्याही कोचने पाहिली नसेल. आमची पोरं चेंडू घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे, अगदी पाळीची वेळ संपत आली की मारायची. पडद्यावर नुसत्या ओळी येत होत्या आणि लेक त्या मोठ्याने वाचत होती. शेवटच्या मिनिटाला दोघांचे एकोणपन्नास. मी ज्याला ढिला म्हटलं होतं, त्याने वाट पाहिली आणि मारला. एक्कावन्न-एकोणपन्नास.

लेकीने माझ्या पाठीत धपका घातला. जोरात घातला. मग ती बोलत सुटली: शुक्रवारची मॅच, पुढच्या वर्षी घ्यायची दोन उंच पोरं, आमच्याकडे डावखुरा नाही ही अडचण. बोलता बोलता उठली, काठी न घेता खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. गुडघा किती वाकला ते मी विचारलं नाही. पाहिलं मात्र.

आणि माझ्यातला जुना सुपरवायझर जागा झाला. पोरगी खूश आहे. हीच वेळ. एक सही.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. फॉर्म मी फडताळात, देवाच्या पोथ्यांवर ठेवला होता. तो तिथे नव्हता. खरं सांगतो, मी तो सहीला बाहेर न्यायला गेलो होतो की फाडून टाकायला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही हात पोथ्यांवर ठेवून मी उभा होतो. मॅच संपताच उठून आलेली बायको भाकरी थापत होती. बाहेर लेक अजून बोलत होती, मी समोर नाही हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तो क्लासचा फॉर्म..." मी म्हटलं.

बायकोने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "पिठाच्या डब्याखाली ठेवला हाये म्या. तारीख शनिवारीच गेली. तुमाले आठवण राह्यली नाई, अन् म्या काढून देली नाई. जा, ती बोलून राह्यली, आइका."